हेल्मेट न काढणारं गिऱ्हाईक: गोव्यातल्या फार्मसीवाल्यांना खुलं पत्र

गोव्यातल्या सगळ्या फार्मसीवाल्या बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी संध्याकाळी बीपीच्या गोळ्या घ्यायला मी तुमच्यापैकीच एकाच्या दुकानात उभी होते. फोंडा तालुक्यातलं दुकान, बसस्टॉपला लागून, शेजारी भज्यांचा गाडा. माझ्या पुढे पिशवीभर औषधं घेणारी एक आजी होती आणि काउंटरच्या कडेला एक मुलगा. वीस-बावीसचा असेल. हेल्मेट डोक्यावरच, काच तेवढी अर्धी वर. आजींचं झालं तेव्हा खरं तर त्याची पाळी होती, पण त्याने मला हाताने खूण केली, तुम्ही घ्या. मी घेतल्या. तोवर मागे आणखी दोघं येऊन उभे राहिले. आतून हाक आली, "कितें जाय रे?" मुलगा दोन क्षण थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "क्रोसिन." क्रोसिन घेतली, पैसे दिले आणि किक मारून निघून गेला. त्याला ताप नव्हता हे सांगायला डॉक्टर नको.

हे गिऱ्हाईक तुमच्या माझ्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. दुकान रिकामं होईपर्यंत समोरच्या टूथपेस्टची किंमत वाचत बसणारा. आधी बाम, मग बँडेज, मग "आणि एक ते..." म्हणणारा. एटीएमच्या पावतीवर नाव लिहून ती चिठ्ठी पुढे सरकवणारी मुलगी. यातले किती जण हवं ते, कंडोम असो की गर्भनिरोधक गोळी, न घेताच परत जातात, हे तुमच्याही वहीत नसतं.

माझी ओळख सांगते. मी 36 वर्षं सरकारी प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासली आणि 2024 मध्ये निवृत्त झाले. गावात मला अजून "लॅबवाली बाय" म्हणतात. म्हणजे मी तुमची ना गिऱ्हाईक म्हणून मोठी, ना अधिकारी म्हणून. पण आमच्या खिडकीशी जो उशिरा यायचा, तो त्याआधी तुमच्या काउंटरवर जाऊन आलेला असायचा, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता न लिहिता राहवत नाही.

एक उदाहरण देते. खनिजाचे ट्रक जोरात धावत होते तेव्हाचं, म्हणजे खाणींवर 2012 ची बंदी यायच्या आधीचं. गरोदर बायकांच्या पहिल्या तपासणीत हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर सिफिलिसची, म्हणजे संबंधातून लागणाऱ्या एका रोगाची, चाचणी असते. आम्ही ती पांढऱ्या कार्डावर करायचो. रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, एक थेंब. त्यावर काळ्या कणांचं औषध एक थेंब. आणि कार्ड फिरत्या यंत्रावर 8 मिनिटं. रक्त निर्दोष असेल तर काळेपणा एकसारखा पसरून राहतो. दोष असेल तर कण एकमेकांना धरतात, ओल्या फरशीवर मिरपूड सांडावी तसे. त्या दिवशी एका तेवीस वर्षांच्या बाईच्या थेंबात मिरपूड दिसली. मी पुन्हा केली. पुन्हा तीच.

नवऱ्याला बोलावलं. ट्रकवरचा माणूस, अंगाने धडधाकट. वर्षभरापूर्वी त्याला तिथे एक फोड आला होता. दुखत नव्हता. तो फार्मसीत गेला, हळू आवाजात काहीतरी बोलला आणि त्याला तीन औषधांच्या गोळ्यांचं एक पाकीट मिळालं. कोणतं पाकीट ते तुम्ही ओळखलंच असेल: अझिथ्रोमायसिन, सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, एकाच दिवशी घ्यायच्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही, प्रश्न कुणी विचारला नाही. महिन्याभरात फोड गेला आणि तो म्हणाला, औषध लागू पडलं.

सिफिलिसचा पहिला फोड तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येतो. गोळी घ्या किंवा देवाला नारळ द्या, तो जाणारच. रोग मात्र आत राहतो. पुढे हातापायांच्या तळव्यांवर पुरळ उठतं, तेही जातं, मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. दिसतं ते बायकोच्या रक्तात आणि तिच्या पोटातल्या बाळात. मूल पोटात दगावू शकतं किंवा रोग घेऊन जन्माला येऊ शकतं. आणि यावर उपाय काय, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन. जुनं, स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारं. त्या दोघांना ते मिळालं, बाळ नीट झालं. पण मधलं एक वर्ष त्या पाकिटाने खाल्लं.

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. बाय, आम्ही दिलं नसतं तर त्याने पुढच्या दुकानातून घेतलं असतं. खरंय. आणि डॉक्टरकडे जा म्हटलं तर तो जात नाही, हेही खरंय. पण तो तुमच्याकडे आला होता ना? एवढा धीर त्याने एकदाच गोळा केला होता आणि तो तुमच्यासमोर खर्च केला. त्या वेळी "हे पाकीट सगळ्याला चालत नाही, रक्त तपासून घे, बायकोलाही सांग" एवढं एक वाक्य त्याला मिळालं असतं तर? ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, हा कायदा मी तुम्हाला शिकवायला नको. मला तुमच्या दुकानावर धाड घालायची नाहीये. मला ते वाक्य हवंय.

आता थोडं माझं स्वतःचं. लॅबमध्ये नोकरीला असूनही मी काही शूर नव्हते. मुलगी झाल्यावर मला लगेच दुसरं मूल नको होतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट होत्या, पण तिथे मी काम करत होते आणि तिथली प्रत्येक खुर्ची मला वहिनी किंवा बाय म्हणणारी. म्हणून मी गावातल्या फार्मसीत गेले. माला-डीचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून मिळालं, जणू आत बोंबील आहेत. मी खूश होते. पुढल्या आठवड्यात देवळात पालखीच्या दिवशी माझ्या मामेसासऱ्यांनी सासूबाईंना विचारलं, "सुनेला बरं नाही का? गोळ्या चालू आहेत असं ऐकलं." बस्स. कुणी आरडाओरडा केला नाही. सासूबाईंनी घरी येऊन एवढंच म्हटलं की देवाने दिलेलं नाकारू नये. मी त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही आणि गोळ्याही बंद झाल्या. मुलगी सतरा महिन्यांची असताना मुलगा झाला. तो हे वाचेल, म्हणून लिहून ठेवते की तो लाडका आहे आणि त्याच्यावाचून आमचं चालत नाही. पण त्याची तारीख मी ठरवायची होती, फार्मसीवाल्याने नव्हे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दुकानात नोंदणीच्या सर्टिफिकेटशेजारी एक फ्रेम असते. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची शपथ. इंग्रजीत असते, काचेवर उदबत्तीची काजळी. त्यात एक ओळ आहे: व्यवसायात रुग्णांविषयी जे कळेल ते मी गुप्त ठेवीन आणि कायद्याने भाग पाडल्याखेरीज उघड करणार नाही. मामेसासरे म्हणजे कायदा नव्हे. आज सकाळी दुकान उघडताना ती फ्रेम एकदा पुसा.

लोक एवढे का घाबरतात, असं नव्या मुलामुलींना वाटत असेल. काउंटरवर आता बहुतेक ठिकाणी तरुण मुली दिसतात, त्यांचा तर तेव्हा जन्मही नव्हता. 1989 ची गोष्ट. मी नोकरीला नवी. पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं होतं, त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि पोलिसांनी त्याला नेलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात त्याला 64 दिवस एकटा ठेवला. गुन्हा काय, तर रक्त दिलं. त्याची आई लुसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. 1992 मध्ये त्याने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे कितीतरी वर्षं सुई टोचून घेणारा माणूस मला विचारायचा, "बाय, यात ते तर बघणार नाही ना?" चाचणी म्हणजे पोलीस, हे गोव्याच्या डोक्यात असं बसलंय. आणि पुढे वास्कोजवळ बायण्याची वेश्यावस्ती होती तोवर लोक म्हणायचे, हे रोग तिथले. 2004 मध्ये ती वस्ती पाडली. रोग काही बुलडोझरने जात नाहीत.

आता कायदा उलट्या बाजूने उभा आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही, नोकरीत, शाळेत, इस्पितळात भेदभाव करता येत नाही. हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? सरकारी पोस्टर दवाखान्याच्या भिंतीवर असतं आणि आपला मुलगा दवाखान्यात जातच नाही. तो तुमच्या दुकानात येतो.

शिवाय एक गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे. बाकीच्या राज्यांत आशाताई घरोघरी जाऊन निरोध आणि गोळ्या देतात. ती योजना देशभर गेली, गोव्यात नाही. म्हणजे दारात येऊन हळू आवाजात समजावणारं आपल्याकडे कुणी नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्स आहेत, पण त्यांचे हात दोनच. दुसरीकडे फार्मसी मात्र प्रत्येक तिठ्यावर आहे, रात्री नऊपर्यंत उघडी, नंबर लावायला लागत नाही, केसपेपर नाही. त्यामुळे हे काम तुमच्या गळ्यात पडलंय, तुम्ही मागितलेलं नसलं तरी.

आणि तुम्हाला ते जमतं, हेही मी पाहिलंय. कळंगुटला नातेवाइकांकडे गेले होते तेव्हा तिथल्या फार्मसीत शिरले. सनस्क्रीनच्या शेजारी कंडोमची पाकिटं उघड मांडलेली. एक पर्यटक बाई आली, तिने सरळ इमर्जन्सी गोळी मागितली. काउंटरवरच्या मुलीने तितक्याच सरळपणे विचारलं, किती तास झाले? गोळी दिली, पाण्याची बाटली पुढे केली, दोन गोष्टी सांगितल्या. संपलं. मला वाटलं, हीच मुलगी सत्तरीत किंवा पेडण्यात काउंटरवर असती आणि समोर गावातली बीएस्सीला जाणारी मुलगी असती तर? तिथे प्रश्न येतो, "तू त्या गॅरेजवाल्याची धुव मगे?" (मुलगी ना?) किंवा नजर गळ्याकडे जाते, मंगळसूत्र शोधायला. इंग्रजीत मागितलं की ती वस्तू असते, आपल्या भाषेत मागितलं की ती भानगड होते. म्हणून डिचोलीचा माणूस म्हापशाला जातो, म्हापशाचा पणजीला आणि पणजीचा मडगावला. कंडोमसाठी एवढा बसप्रवास जगात दुसरीकडे होत नसेल. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात चवळी, चाफ्याची रोपं आणि मिरच्यांबरोबर काय काय घरी जातं ते कदंब बसच्या कंडक्टरला विचारा.

ती इमर्जन्सी गोळी 2005 पासून चिठ्ठीशिवाय देता येते. लग्न झालंय का हा प्रश्न त्या नियमात कुठेही नाही. नवरा बरोबर हवा, असंही नाही. विचारायचं एवढंच की किती वेळ झाला. 72 तासांच्या आत घ्यायची, आणि 72 म्हणजे तिसऱ्या दिवसाची वाट बघायची असं नव्हे. जितकी लवकर तितकी चांगली. ती स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते. गर्भ राहिलेला असेल तर ती काही करत नाही. हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण आपल्याकडे अर्ध्या लोकांना ही आणि गर्भपाताची गोळी एकच वाटते. गर्भपाताची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून कधीच नाही. गर्भ नळीत राहिला असेल तर ती घेऊन घरी बसलेल्या मुलीच्या जिवावर बेतेल. आणि 1971 च्या गर्भपाताच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाल्यापासून गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेला गर्भ अविवाहित बाईलाही कायद्याने काढून घेता येतो. 18 पूर्ण असेल तर सही तिची एकटीची लागते. हेही तिला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती कुठल्यातरी "ओळखीच्या" माणसाकडून पाकीट मागवते.

इमर्जन्सी गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी थोडी मागेपुढे होते. आठवड्याहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करायची. आणि हीच मुलगी महिन्यात दुसऱ्यांदा आली तर डोळे वटारण्यापेक्षा तिला सांगा की रोजच्यासाठी ही गोळी नव्हे. रोजच्यासाठी कितीतरी आहे. छाया आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. सहेली नावाने तुमच्याकडे, छाया नावाने सरकारी केंद्रात फुकट. अंतरा इंजेक्शन आहे, तीन महिन्यांतून एकदा. मात्र बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने जाऊ शकतात, ते आधी सांगायचं. तांबी आहे, एकदा बसवली की काही प्रकार दहा वर्षं चालतात. तांबी तर संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तरी गर्भ राहू देत नाही, हे मला स्वतःला लॅबमध्ये पाच-सहा वर्षं काढल्यावर कळलं. कुणाला काय चालेल ते डॉक्टर ठरवतील. रक्तदाब, मायग्रेन, सिगारेट असं काही असेल तर रोजच्या हार्मोनच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत, एवढं तुम्हीही सांगू शकता.

यातलं काहीही रोगापासून वाचवत नाही. तिथे कंडोमच. आणि कंडोमबद्दल आपल्या मुलांना काय माहीत असतं, तर जाहिरात. तो पाकिटात ठेवून वर्षभर त्यावर बसायचं नसतं. भर मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवायचा नसतो, तिथे तर चॉकलेटचं पाणी होतं. आणि या खोबरेलाच्या प्रदेशात हे मोठ्याने सांगायला हवं: खोबरेल तेल, व्हॅसलिन, कसलंही तेल लावलं की लॅटेक्स कुजतो आणि फाटतो. पाण्यावर आधारलेलं जेल चालतं. आमच्या खिडकीशी "वापरलं होतं, तरी कसं?" म्हणत आलेल्यांपैकी निदान दोघांच्या गोष्टीत खोबरेलाची बाटली होती. एकाने तर अभिमानाने सांगितलं, घरच्या घाण्याचं.

आता लॅबबद्दल, कारण तिथे मला अधिकार आहे. कुणी येऊन म्हणालं की लघवीला जळजळतंय, पू येतोय, फोड आलाय, अंगावरून वास येणारं पाणी जातंय, तर त्याला सरकारी इस्पितळातल्या सुरक्षा क्लिनिकचा रस्ता दाखवा. कुणी म्हणालं काहीच होत नाही, फक्त भीती वाटते, तरी दाखवा. क्लॅमिडिया नावाचा संसर्ग बहुतेक बायकांत एकही लक्षण दाखवत नाही आणि आतल्या आत गर्भनळ्या खराब करतो. मग पाच वर्षांनी मूल होत नाही म्हणून देवाच्या आणि डॉक्टरच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि तपासायचं कुणाला, तर फक्त सुनेला. एचआयव्हीची चाचणी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हापशाच्या आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांत फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. एका चाचणीवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या तीन किटवर तसाच निकाल आला तरच. 1097 हा फुकटचा नंबर आहे, नाव न सांगता विचारता येतं. नंबर तुमच्या काउंटरच्या काचेखाली लिहून ठेवायला एक इंच जागा लागते.

एक चूक मात्र शिकलेली माणसंसुद्धा करतात. रविवारी काही झालं आणि सोमवारी सकाळी खासगी लॅबमध्ये रक्त देऊन "निगेटिव्ह" घेऊन नाचतात. त्या कागदाला अर्थ नाही. शरीराने खूण दाखवायला वेळ लागतो. नेहमीच्या झटपट चाचणीवर पूर्ण खात्री हवी तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला हवं, तोवर कंडोम. उलट धोका खरंच मोठा असेल, जबरदस्ती झाली असेल, तर थांबायचं नाही. 72 तासांच्या आत इस्पितळात पोचलं तर एचआयव्ही लागू नये म्हणून 28 दिवसांची औषधं सुरू करता येतात. म्हणजे हे दोन आकडे, 72 तास आणि तीन महिने, गिऱ्हाइकाच्या डोक्यात नेमके उलटे बसलेले असतात. आणि निकाल पॉझिटिव्ह आला तरी आता 1989 नाही. औषधं 2004 पासून सरकारी केंद्रांत फुकट आहेत. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. माझ्या ओळखीचा एक जण असा आहे. नातवंडांना शाळेत सोडतो.

18 च्या खालची मुलगी आली तर? तुम्ही गोंधळता, मीही गोंधळले असते. कायदा तिथे कडक आहे, डॉक्टरांना ते पोलिसांना कळवावं लागतं. पण तिला हाकलून देऊ नका आणि तिच्या घरी फोन करू नका. घरातच कोण आहे ते तुम्हाला माहीत नसतं. सरकारी इस्पितळातल्या बाई डॉक्टरकडे पाठवा. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अशा मुलीच्या गर्भपाताची माहिती पोलिसांना देताना मुलीने आणि तिच्या पालकांनी सांगितल्यास डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही.

बाकी मी मागते ते फार नाही. काळी पिशवी बंद करा. औषधं सगळी पांढऱ्या कागदी पाकिटात आणि हीच एक वस्तू काळ्या पिशवीत, म्हणजे पाटीच लावल्यासारखं. "गुप्तरोग" हा शब्द काउंटरवरून काढा, गुप्त म्हटलं की मुलगा आणखी लपवतो. एक छापील पुठ्ठा ठेवा, त्यावर वस्तूंची चित्रं आणि नावं: कंडोम, इमर्जन्सी गोळी, रोजच्या गोळ्या, प्रेग्नन्सी टेस्ट, जेल, पॅड. बोलायचं नसेल त्याने बोट ठेवावं. कुणाचा मुलगा, कुणाची सून हे विचारायचंच असेल तर खोकल्याच्या औषधाला विचारा. आणि त्या पैसे आल्याचं बोलणाऱ्या डब्याकडे बघा. दिवसभर सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडतो, पण कशाचे पैसे ते कधी सांगत नाही.

पुढच्या शनिवारी बीपीच्या गोळ्या संपतील, मी येईन. शेजारी कुणी हेल्मेटवाला उभा असला तर "बाय, तुमका कितें?" असं मला आधी विचारू नका. गेल्या वेळी तो माझ्याकडे बघून क्रोसिन म्हणाला, हे मला घरी गेल्यावर समजलं. बाहेर बसस्टॉपचा बाक आहे, मी तिथे बसते. दुकान रिकामं झालं की हाक मारा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
फोंडा तालुका, गोवा